शेंपटी असलेली दीर्घिका

कालेय तारकासमूहांत, आपणांपासून सुमारें ४२ कोटी प्रकाशवर्षांवर, एक सर्पिल दीर्घिका आहे. तिच्या आकृतीवरून तिला ‘बेडूकमासा’ म्हणतात. हबल दुर्बिणीनें घेतलेलें, २००२ सालीं प्रसिद्ध झालेलें तिचें चित्र मीं वर्गांत दाखविलें. भुजा विसकटलेल्या, आणि मागें सुमारें २,८०,००० प्रकाशवर्षें लांबीची शेंपटी! पूर्वीं एक लहान दीर्घिका हिच्या अगदीं जवळून गेली व तिच्या गुरुत्वाकर्षणानें हे तारे आणि हा वायु ओढला गेला, असें मीं मोठ्या ऐटींत सांगितलें.

मागल्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग ती दुसरी कोठें गेली?”

मला उत्तर देतां येईना. चित्राखालील मजकूर मीं धड वाचलाच नव्हता. शिक्षकानें हें कबूल करणें किती जड जातें, तें शिक्षकांसच ठाऊक! रात्रीं दिव्याशीं बसून पाहिलें, तों ती तेथेंच होती. मोठीच्या विस्कळित भुजांतून, डावीकडे वरच्या अंगास, तिचा निळा ठिपका दिसतो. ती मागें सुमारें तीन लक्ष प्रकाशवर्षांवर असावी, असा अंदाज आहे.

दुसऱ्या दिवशीं माझी चूक सांगून मीं त्या ठिपक्यावर बोट ठेविलें. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “आणि शेंपटींतले हे निळे ठिपके?”

ते नव्या ताऱ्यांचे पुंज. ओढल्या गेलेल्या त्याच वायूंतून जन्मलेले. एवढें मात्र मला सांगतां आलें.