मीटरवर न दिसणारे तास

जुनी गाडी घेताना मीटर किती फिरलंय, हे सगळेच विचारतात. टायर बघतात, पत्रा ठोकून बघतात, एसी लावून बघतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हे फार थोडे जण विचारतात. मी पुण्यात २०१५ची ऑक्टाव्हिया घेतली तेव्हा हेच दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारले. दोन लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअरचा डबल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, वय आठ वर्षं आणि मीटरवर ८८,००० किलोमीटर. दलाल म्हणाला, "मॅडम, ऑटोमॅटिकचं तेल लाइफटाइम असतं. आणि बेल्टला अजून खूप वेळ आहे, लाखाच्या पुढे बघू." फायलीत इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड यांच्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या. या दोन कामांची एकही पावती नव्हती. दोन्ही कामांचा खर्च मी गाडीच्या किमतीतून वजा करायला लावला आणि मगच व्यवहार केला.

एवढा आग्रह धरायला कारण होतं. आमच्या सोसायटीतले काका-काकू साताऱ्याला निघाले असताना खंबाटकी घाट चढता चढता त्यांची गाडी बंद पडली. धक्का नाही, धूर नाही. इंजिन थांबलं आणि संपलं. स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरत होतं, पण चालू होत नव्हतं. टायमिंग बेल्ट तुटल्यावर असंच होतं. गाडी टो करून साताऱ्याला नेली, इंजिनाचं हेड उतरवलं, तर वॉल्व्ह वाकलेले. सगळा खर्च लाखाच्या वर गेला. बेल्ट किलोमीटरच्या मर्यादेत होता, वयानं मात्र नऊ वर्षांचा होता. काका-काकू दोघंही सत्तरीच्या पुढचे, घाटात भर उन्हात तीन तास बसून राहिले. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

हा बेल्ट नेमकं काय करतो, हे एकदा कळलं की माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करू शकत नाही. खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्याला जोडलेले पिस्टन वर-खाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक व्हावा लागतो, आणि हे गणित एक दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर डोक्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. पट्टा तुटला की वॉल्व्ह उघडा राहतो आणि पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो. बेल्ट जाणं म्हणजे हेड जाणं, ते यामुळे.

आपल्याकडे याची जाणीव कमी असण्याचं एक कारण मला दिसतं. रांजणगावात पूर्वी बनणारं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन अनेक घरांत पोचलं आणि त्यात बेल्टऐवजी साखळी असते. साखळी ठरावीक मुदतीला बदलायची नसते. ज्यांची पहिली डिझेल गाडी ती होती, त्यांना बेल्ट नावाचा खर्च माहीतच झाला नाही. त्याआधी १९९८मध्ये आलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनात बेल्ट होता. ती गाडी टॅक्सीला चालवणाऱ्यांना तो चांगला ठाऊक होता. आपल्या गाडीत बेल्ट आहे की साखळी, एवढं तरी प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

मुदतीचं म्हणाल तर वेगवेगळ्या गाड्यांच्या पुस्तिकांत ६०,०००पासून लाख-सव्वा लाखापर्यंत आणि त्याच्याही पुढचे आकडे सापडतात, आणि पुष्कळदा सोबत वर्षंही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरायचं. लोक किलोमीटर धरतात आणि वर्षं सोडून देतात. पण रबर गाडी उभी असतानाही म्हातारं होतं. शिवाय किलोमीटर म्हणजे इंजिन किती वेळ फिरलं, हे नव्हे. हायवेवर सरासरी ६० च्या वेगानं ९०,००० किलोमीटर झाले असतील तर इंजिन १,५०० तास चाललं. वाकडहून हडपसरला रोज जाणाऱ्याची सरासरी १८ पडते. त्याच ९०,००० किलोमीटरला त्याचं इंजिन ५,००० तास चालतं. मीटरचा आकडा एकच, पट्टा फिरल्याचे तास तिपटीहून जास्त. म्हणून तर पुस्तिकांत खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असतं: सतत थांबत-निघत चालणं, धूळ, चढ, कडक ऊन. माझ्या मते पुण्या-मुंबईतली प्रत्येक गाडी याच वेळापत्रकातली आहे.

काम मी ओळखीच्या गॅरेजात करून घेतलं आणि दिवसभर तिथेच थांबले. मिस्त्रींनी आधी क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट पिना घालून जागच्या जागी अडकवले, तेव्हा कुठे बेल्टला हात लावला. एक दात इकडे-तिकडे झाला तरी इंजिन बिघडतं, त्यामुळे या पिनांशिवाय हे काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नये. जुना बेल्ट हातात घेतला तर नुसत्या डोळ्यांना धड दिसत होता. तडा नाही, धागा सुटलेला नाही. पाठ मात्र गुळगुळीत चकाकत होती आणि वाकवल्यावर तो नव्या बेल्टपेक्षा कितीतरी कडक लागत होता. "ताई, बेल्ट बघून सांगता येत नाही," मिस्त्री म्हणाले, "तारीख बघूनच बदलायचा."

खरी गोष्ट पुढे दिसली. या इंजिनात वॉटर पंपही टायमिंग बेल्टच फिरवतो. पंपाच्या खाली कुलंट वाळल्याचा गुलाबी डाग होता, म्हणजे सील झिरपायला लागलं होतं. नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवले असते, तर पंप काही महिन्यांनी गेला असता, कुलंट नव्या बेल्टवर पडलं असतं, आणि पंपासाठी सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट दाखवणारी आयडलर पुली, यांचंही तेच. त्यांचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही तुटतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप हा एकच संच समजायचा. जोडणी झाल्यावर मिस्त्रींनी क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवला, पिना पुन्हा बसतात का ते तपासलं आणि मगच स्टार्टर मारला. सगळं मिळून बावीस हजार रुपये झाले.

गिअरबॉक्स दुसऱ्या दिवशी. लाइफटाइम या शब्दावर माझा खरा राग आहे. माझ्या गाडीतल्या या गिअरबॉक्सचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात. तेच तेल गिअरना वंगण देतं, क्लच थंड ठेवतं आणि दाबानं गिअर बदलायचं कामही करतं. क्लचच्या अस्तराची झीज त्याच तेलात मिसळत जाते. अशा तेलाला जन्मभराचं कसं म्हणायचं? या गिअरबॉक्सला दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा असतो. म्हणजे माझ्या गाडीचं काम पूर्वीच्या मालकाच्या हातूनच राहून गेलं होतं. निघालेलं तेल काळपट होतं, करपल्यासारखा वास होता. सुमारे पाच लिटर नवं तेल गेलं. पातळी बघायची पद्धत मला फार आवडली: इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा टाकायचे, आणि तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना खालचा प्लग उघडून जास्तीचं वाहून जाऊ द्यायचं. मिस्त्री स्कॅनरवर अंश वाचत होते. डोळ्यांच्या अंदाजानं तेल भरणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

गाडी लगेच नवी झाली, असं मी म्हणणार नाही. सिग्नलला पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना बसणारा बारीक हिसका मात्र गेला.

प्रत्येक ऑटोमॅटिकचं गणित वेगळं असतं. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, त्याचं तेल वेगळं. सीव्हीटीला स्वतःचं खास तेल लागतं. तिथे साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर तो कायमचा खराब होऊ शकतो. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सचं तेल काही गाड्यांच्या पुस्तिकेत आजन्म म्हटलेलं असतं. पण असे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. दलालाच्या तोंडच्या शब्दापेक्षा मी बनवणाऱ्याचं ऐकते.

तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल, तर या रविवारी पुस्तिका काढून दोन पानं वाचा: गिअरबॉक्सच्या तेलाचं आणि टायमिंग बेल्टचं. काम झालं की तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, आणि पावती फायलीत ठेवा. उद्या तुम्ही ती गाडी विकाल, तेव्हा पुढच्या माणसाला ती पावती दाखवा.