पर्यटक कोण, संशयित कोण?

2025 च्या उन्हाळ्यात महाबळेश्वरच्या महापर्यटन उत्सवाच्या निमित्ताने राज्य सरकारने पर्यटन सुरक्षा दल प्रायोगिक तत्त्वावर उतरवले. पर्यटकांना सुरक्षित वाटावे, याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. कासच्या पठारावर आपल्याही पोरीबाळी सहलीला जातात. प्रश्न आहे तो धोका कोणापासून, हे कोण ठरवतो याचा.

सातारा जिल्ह्यातला प्रवास म्हटले की मला 1901 आठवते. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेले बालवयातले बाबासाहेब आणि त्यांची भावंडे-भाचे मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली, गाडीवान बाजूने चालत राहिला. अंगावर दागिने, म्हणून रात्रभर लुटले जाण्याची धास्ती. लूट झाली नाही. पाणी मात्र कोणी दिले नाही, आणि पाणी नाकारणे हा तेव्हा गुन्हाच नव्हता! पुढे 1934 मध्ये दौलताबादचा किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांसोबत आणि सहकाऱ्यांसोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. त्यांच्या रक्षणासाठी नव्हे, तर त्यांनी किल्ल्यातल्या पाण्याला हात लावू नये म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण सगळेच वाचतो. एकदा पर्यटकाची कैफियत म्हणूनही वाचा.

आज त्या शिपायाच्या नजरेत कोण आहे? मी सातारा-सांगलीत पारधी वस्त्यांवर काम करते. सीझनमध्ये तिथली पोरे फुगे, खेळणी विकायला थंड हवेच्या ठिकाणी जातात. मागे एका ठिकाणी पर्यटकाचे पाकीट हरवले आणि सोळा वर्षांच्या पोराला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले. कारण विचारले तर उत्तर मिळाले, "मॅडम, यांची जातच तशी." पाकीट संध्याकाळी पर्यटकाच्याच गाडीत सीटखाली सापडले. पोराचा माल मात्र परत मिळाला नाही. त्याची तक्रार कोण लिहून घेणार? गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, रद्द झाला 1952 मध्ये. ठाण्यातल्या नजरेतून तो अजून गेलेला नाही.

संशय कुठवर जाऊ शकतो, हे सांगलीकरांना सांगायला नको. 2017 मध्ये लुटीच्या संशयावरून पकडलेल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. मारहाणीत त्याचा जीव घेतल्याच्या आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली. आंबोली, जिथे आपण पावसाळ्यात धबधबे बघायला जातो.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पर्यटनस्थळी तैनात होणाऱ्या प्रत्येक जवानाला ॲट्रॉसिटी कायद्याचे प्रशिक्षण द्या. चौकशीला बसवलेल्या प्रत्येकाची वेळेसह लेखी नोंद ठेवा. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे महाबळेश्वर, पाचगणीत फिरत्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून प्रमाणपत्रे द्या, आणि त्या यादीत पारधी, वैदू, मसणजोगी कुटुंबे आहेत की नाहीत ते जाहीर करा. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधी हे निवेदन नगरपालिकांत द्यायचे आहे. वस्तीवरच्या विक्रेत्यांची नावे गोळा करायला माणसे कमी पडताहेत.

जय भीम.