मुंग्यांची नावं घेताना

मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली आणि माझी नामं गेली. क्रियापदं बरीचशी राहिली. ओत, चीर, दळ, हे सगळं येत होतं. पण काय ओतायचं आणि कशाने चिरायचं ते सांगता येत नव्हतं. विळी हवी असली तर ‘ते, पायाने दाबून भाजी चिरायचं’ असं म्हणावं लागे. चाळणी, किल्ली, रिमोट, सगळ्यांचं असंच. याला अनोमिक अफेजिया म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. हेही एक नावच. ते मला दोन महिने म्हणता आलं नाही.

स्पीच थेरपीला जायचे, तिथे चित्रांची कार्डं असत. सफरचंद, छत्री, हत्ती. छत्री म्हणता आलं की शाबासकी मिळायची. बँकेत ३१ वर्षं काढलेल्या बाईला हत्ती म्हटल्याबद्दल शाबासकी! घरी येऊन मी कोणाशी बोलत नसे.

त्याच सुमाराला माझी भाची आमच्याकडे राहायला होती. एम.एस्सी.साठी ती पुण्याच्या टेकड्यांवरच्या मुंग्यांची पाहणी करत होती. तिच्या टेबलावर बोटाएवढ्या नळ्या, अल्कोहोलमध्ये बुडालेल्या मुंग्या आणि प्रत्येक नळीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. वाचता मला येत होतं. मी चिठ्ठ्या वाचत बसायचे, कारण तिथे कोणी शाबासकी द्यायला नव्हतं. एकदा मी ‘कॅम्पोनोटस’वर बोट ठेवलं आणि ‘हे काय?’ असं हाताने विचारलं. ती म्हणाली, “अगं मावशी, आपला मुंगळा. कॅम्पोनोटस म्हणजे वाकलेल्या पाठीचा.”

मी हसले. हे तर माझंच बोलणं होतं! नाव आठवत नाही म्हणून ‘तो, पाठ वाकलेला’ असं कोणीतरी ग्रीकमध्ये म्हटलं होतं, आणि त्यालाच शास्त्रात नाव म्हणतात.

मग आम्हाला नादच लागला. ती नाव फोडून द्यायची, मी ते जोडायचे. क्रिमॅटोगॅस्टर म्हणजे लटकतं पोट. प्रत्यक्षात ही मुंगी चिडली की ते बदामाच्या आकाराचं पोट विंचवासारखं डोक्यावर उचलते. टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलममधलं मेलॅनोसेफॅलम म्हणजे काळ्या डोक्याची. मागचं अंग इतकं फिकट की पांढऱ्या फरशीवर नुसती डोकी पळताना दिसतात. ती आमच्या बेसिनपाशी कायम असायची, आणि मी तिला आयुष्यभर ‘बारीक मुंग्या’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर, विळ्यासारख्या जबड्याची, उड्या मारणारी. (विळीच्या आधी मला विळा आला तो असा.) लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस एका ओळीत, शिस्तीत, मिरवणुकीने जाते. या नावाला पाठांतर लागलं नाही. जून महिना होता, आणि पुण्यात राहणाऱ्याला दिंडी समजावून सांगावी लागत नाही.

लिनियसच्या आधी अभ्यासक प्राण्या-वनस्पतींना आख्खी वाक्यंच नाव म्हणून देत, लॅटिनमध्ये, लांबलचक. प्राण्यांसाठी १७५८ साली त्याने ते सगळीकडे दोन शब्दांवर आणलं. वर्णनाकडून नावाकडे, हाच प्रवास मला करायचा होता. माझ्या थेरपिस्टला हे मी कसंबसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चालेल, मुंग्या तर मुंग्या.

आमच्या माहेरी, कोकणात, आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना हुमले म्हणतात. आंबे काढणाऱ्याच्या मानेवर पडले की कळतं. त्यांचं नाव ईकोफायला स्मॅराग्डिना. ईकोफायला म्हणजे पानांचं घर, तिथपर्यंत सरळ. पण स्मॅराग्डिना म्हणजे पाचूच्या रंगाची! हुमला आणि पाचू? भाचीने सांगितलं की राणी हिरवट असते, आणि उत्तर ऑस्ट्रेलियात तर कामकरी मुंग्यांचंही पोट हिरवं असतं. फॅब्रिशियसने १७७५ मध्ये दिलेलं नाव आहे. शिवताना मोठ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात, रेशीम अळीच्या तोंडातून येतं. मुलाच्या हातात सुई देण्यासारखं हे. पानांचं घर कधी विसरेन, पण न जुळणारा पाचू पक्का बसला.

मात्र माझा जीव जडला तो कर्नल साइक्सच्या नावांवर. कंपनी सरकारचा हा अधिकारी पुण्यात होता. १८२९च्या पावसाळ्यात परेड ग्राउंडजवळ त्याला गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. मुंग्या भिजलेलं बी वारुळातून काढून उन्हात वाळत घालत होत्या. पावसात डबे उघडून डाळी उन्हात टाकणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे या बातमीत मला नवल वाटलं नाही, साइक्सला वाटलं याचं बरं वाटलं. त्याने नाव दिलं प्रोव्हिडेन्स, पुढचं पाहणारी. आज ती फायडोले प्रोव्हिडेन्स आहे, आणि फायडोलेचा अर्थ काटकसर.

दुसरी मुंगी त्याच्या घरातलीच. गोड पदार्थांच्या टेबलाचे पाय त्याने पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते, जसे आपल्याकडे दुधाच्या जाळीच्या कपाटाचे ठेवत. मुंग्या पाणी ओलांडून आल्या. त्याने पायांना टर्पेंटाइन फासलं. मग एके दिवशी त्याने पाहिलं, एक मुंगी भिंत चढून टेबलाच्या वर फूटभर गेली आणि तिथून तिने स्वतःला खाली सोडून दिलं. तिचं नाव त्याने ठेवलं इन्डिफेसा, न थकणारी.

‘नावं ठेवणं’ याला मराठीत चांगला अर्थ नाही, पण हे नाव ठेवावं तर असं. दुर्दैवाने ते टिकलं नाही. हा आपला नेहमीचा मुंगळाच निघाला, आणि त्याला फॅब्रिशियसने १७८७ मध्येच कॉम्प्रेसस, म्हणजे दाबलेला, म्हणून ठेवलं होतं. जुनं नाव जिंकतं, असा नियम आहे. नियम हवा हे मला पटतं, बँकेतल्या बाईला पटणारच. तरी दाबलेला?

माणसांची नावं सगळ्यात उशिरा आली. त्यांना अर्थाच्या वाटेने पोचता येत नाही. सुमन फूल नसते आणि प्रकाश अंधारातही प्रकाशच. थेरपिस्टने नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी “अहो” म्हणाले. तिला वाटलं, अडले. अडले तर होतेच, पण चौतीस वर्षांत मी त्यांना दुसरं काही म्हटलंही नव्हतं. शेवटी भाचीने लग्नातला उखाणा म्हणायला लावला. पहिली ओळ आली, तिच्या मागून दुसरी घरंगळत आली, आणि शेवटी नाव. अहो बाजूच्या खोलीत पेपर वाचत होते. ते उठून आले नाहीत, पण पेपरचा आवाज थांबला.

आता विळी येते, चाळणी येते. मुंग्यांमुळे आली की दिवसांमुळे, कोणास ठाऊक. सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू स्वतःही पुष्कळ सावरतो म्हणतात. इन्डिफेसा हे नाव वापरायचं नाही, असं भाचीने बजावलं आहे. मी गुळाच्या डब्यापाशी वापरते. साइक्सची आणखी एक मुंगी आहे, क्रिमॅटोगॅस्टर जातीची, सह्याद्रीत झाडावर शेणाचं घरटं करणारी, कौलांसारखे थर रचून. तिला त्याने कर्बी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाचं नाव दिलं. ते मला ऐनवेळी आठवत नाही. मी ‘ती, शेणाचं घर बांधणारी’ म्हणते आणि भाचीला कळतं.