'डन' म्हणजे नेमकं काय झालं?

अकोला, रविवार

चि. भाचीबाईस,



तुझा रिपोर्ट वाचला. सर्व्हे 'डन', खोदाई 'डन', मोरीचा स्लॅबही 'डन'! साहेब लाल रेघ मारतात आणि कारण काही सांगत नाहीत, म्हणून तू विचारलंस की कॅरी आउट, एक्झिक्यूट, कम्प्लीट यांतलं कोणतं कुठं लिहायचं. डिक्शनरीत पाहिलं तर सगळी एकमेकांची भावंडंच वाटतात. पण बांधकामात यातल्या बहुतेकांमागे एकेक पुरावा असतो. तो ओळखलास की क्रियापद आपोआप सुचतं.

सर्व्हे, पाहणी, चाचणी, दुरुस्ती या गोष्टी 'कॅरी आउट' होतात. काम पार पडलं, एवढंच त्यातून कळतं. काँक्रीटची क्यूब टेस्ट कॅरी आउट झाली म्हणजे क्यूब पास झाले असं नव्हे. म्हणून पाठोपाठ निकालाचं वाक्य हवंच: सात दिवसांची ताकद किती आली, अठ्ठावीस दिवसांची यायची आहे का.

'एक्झिक्यूट' आमच्या खात्याचं लाडकं. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरच्या दारावरच्या पाटीतही तेच आहे. नकाशाप्रमाणं आणि करारातल्या बाबींप्रमाणं जागेवर जेवढं उतरलं तेवढं एक्झिक्यूटेड. त्याचा पुरावा एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत. अर्धं कामही एक्झिक्यूटेड असू शकतं, म्हणून सोबत माप लिही. किती घनमीटर, कोणत्या चेनेजपासून कुठवर.

'कम्प्लीट' मात्र अर्धं होत नाही. त्याला कम्प्लीशन सर्टिफिकेट लागतं, आणि दोषदायित्वाचा काळ साधारण तिथूनच मोजतात. तू घाईनं 'कम्प्लीटेड' लिहिलंस आणि उद्या वाद झाला, तर ठेकेदार तुझाच रिपोर्ट पुढं करील. 'फिनिश' हे बोलण्यात ठीक, पण साइटवर फिनिश म्हटलं की प्लास्टर, रंग, गिलाव्याची सफाई असाच अर्थ घेतात.

कम्प्लीटच्याही पुढं 'कमिशन' आहे. पाइप टाकले, टाकी बांधली, सर्टिफिकेट मिळालं, तरी नळयोजना कमिशन झालेली नसते. अकोल्यात काटेपूर्णेचं आणि तुमच्या अमरावतीत अप्पर वर्धेचं पाणी टाकीत चढून वाहिनीतून पुढं सोडलं गेलं, पंप नीट चालले, तेव्हाच ते लिहायचं.

योजनेचं क्रियापद 'इम्प्लिमेंट'. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं 1977 साली केला आणि देशानं 2005 साली. अशी योजना राबवतात. ती कम्प्लीट होत नाही. त्या योजनेतली एखाद्या शेतकऱ्याची विहीर मात्र कम्प्लीट होते. दोन्हीला एकच क्रियापद लावलं की आढावा बैठकीत गोंधळ होतो: योजना जोरात, विहिरी अर्धवट, आणि कागदावर सगळंच 'डन'.

आता आपल्याच रस्त्याचं उदाहरण घे. अमरावती-अकोला महामार्ग, राष्ट्रीय महामार्ग 53. मूर्तिजापूरमार्गे आपण सगळ्यांनी त्यावर कंबर मोडून घेतली आहे. 2022 साली 3 जूनला सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तिथं डांबरीकरण सुरू झालं आणि 7 जूनला संध्याकाळी 5 वाजता थांबलं. 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरची एक लेन. गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या 'अशघाल' या सरकारी संस्थेचा होता, 25.275 किलोमीटरचा. इथं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी राजपथ इन्फ्राकॉननं काम केलं. 720 माणसं राबली आणि 36,634 टन डांबरी मिश्रण लागलं.

लोक म्हणाले, पाच दिवसांत रस्ता बांधला. तो विक्रम बांधण्याचा नव्हताच. सलग डांबरी लेन अंथरण्याचा होता. इंग्रजीत त्याला 'लेड'. दोन लेनच्या हिशेबात तो साडेसदतीस किलोमीटर रस्ता होतो. खालची भर, खडीचे थर, पूल, मोऱ्या ही सगळी वेगळी कामं, त्यांच्या नोंदी वेगळ्या. लेन 'लेड', ठरवलेलं लक्ष्य 'अचीव्ह्ड', आणि महामार्ग 'कम्प्लीटेड' की नाही याचं उत्तर गिनीजच्या प्रमाणपत्रात शोधायचंच नाही. यानं त्या 720 माणसांच्या मेहनतीला काही उणेपणा येत नाही. उलट, केलं तेवढंच सांगितलं म्हणून ते मापता आलं, आणि मापता आलं म्हणूनच विक्रम ठरला.

हा काटेकोरपणा आपल्याला परका नाही हं. साइटवरचा मिस्त्री 'करून रायलो' म्हणतो, तेव्हा काम चालू आहे. 'आटोपलं' म्हणतो, तेव्हा तो हात धुऊन मोकळा झालेला असतो. 'होऊन जाईल' म्हणाला, तर समजावं की अजून हातच लागलेला नाही. तोच मिस्त्री इंग्रजी रिपोर्टात आला की त्याची ही तिन्ही उत्तरं तू 'डन'मध्ये कोंबतेस.

तेव्हा मोरीचं ते वाक्य खोड. स्लॅबचं काँक्रीट पडलं, पाणी मारणं चालू, दोन्ही बाजूंचा भराव बाकी, असंच ना? मग लिही: 'स्लॅब कास्टिंग एक्झिक्यूटेड', सोबत घनमीटर, 'क्युरिंग इन प्रोग्रेस', 'अॅप्रोच फिलिंग नॉट स्टार्टेड'. तिसरं वाक्य साहेबांना आवडणार नाही, तरी ते गाळू नकोस. भरावाला मुरूम का आला नाही, हे त्यांना त्याच ओळीवरून विचारता येईल.

सुधारलेला रिपोर्ट पाठव, मी पाहून देतो. आईला म्हणावं, मामीनं सांडया करून ठेवल्या आहेत, येणाऱ्याच्या हाती धाडतो.

तुझा,
मामा