टेबलावर आहे तेवढेच

आमच्या चिकलठाण्यात दिवाळीला तीन पत्तीचे डाव रंगतात. जिंकलेल्याने पैसे हळूच खिशात सरकवले की वडीलधारे हटकतात, ‘खेळायचं तर समोर ठेव, नाही तर ऊठ.’ पोकरमध्ये हा रीतसर नियमच आहे. खेळ सोडेपर्यंत टेबलावरच्या चिप्स उचलता येत नाहीत. त्याची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते: चालू डावात बाहेरून भरही घालता येत नाही. हरणारा समोर आहे तेवढेच हरतो.

सभापर्वातील द्यूताला अशी सीमा नव्हती. युधिष्ठिराने धन, राज्य, भाऊ, स्वतःला आणि अखेर द्रौपदीला पणाला लावले. विदुराने विरोध केला. परंतु ऐन डावात उपदेश कोण ऐकतो? मर्यादा फासे पडण्यापूर्वीच ठरलेली असावी लागते.