सा प सा ग प सा

लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. आपल्याकडे जुनी माणसं तिला हवाईयन गिटार म्हणतात. तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच असतात की बोटानं दाबायच्याच नाहीत. डाव्या हातात स्टीलचा एक गुळगुळीत बार धरायचा आणि तो तारांवरून सरकवायचा. हवाईतल्या जोसेफ केकुकू नावाच्या पोरानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही पद्धत रूढ केली असं मानतात. 1940 च्या दशकात टाऊ मो हे हवाईयन वादक कुटुंब काही वर्षं कलकत्त्यात राहिलं. पुढे ब्रिजभूषण काबरांनी या गिटारवर राग वाजवले, व्हॅन शिपली यांनी हिंदी सिनेमाची गाणी वाजवली. त्या गाण्यांच्या तबकड्यांमधून ही गिटार सोलापुरात आमच्या बाबांपर्यंत पोचली.

बाबांची गिटार साधीच, लाकडी. तारा उचलायला नटवर एक धातूची पट्टी बसवलेली. बार त्यांनी ओळखीच्या एका लेथवाल्याकडून करून घेतलेला, त्याला ते 'रॉड' म्हणतात. आणि एक दोनशेपानी वही. वहीत गाणी आहेत, पण सूर नाहीत, फक्त आकडे: कितवी तार, कितवी पट्टी. चाळीस वर्षांची गाणी अशी आकड्यांत पडून आहेत.

ते आकडे वाचायचे तर ट्यूनिंग माहीत हवं. साध्या गिटारवर चार बोटं चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर जातात, त्यामुळे कुठलाही कॉर्ड जमवता येतो. इथे हातात एक सरळ बार. तो आडवा ठेवला की सगळ्या तारा एकाच पट्टीवर वाजणार. म्हणजे तारांचं आपसातलं नातं तुम्ही वाजवण्याच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. मी माझ्या इलेक्ट्रिक लॅप स्टीलला सी सिक्स्थ लावतो. खर्जाकडून मोजलं तर सा ग प ध सा ग. यात खालच्या तीन तारांवर मेजर कॉर्ड मिळतो, वरच्या तीनवर मायनर, तोही बार तिरका न करता. बाबांचं ट्यूनिंग ओपन ई, म्हणजे पांढरी तीनचा सा धरून सा प सा ग प सा. त्यात मायनर सहज सापडत नाही. पण बाबांना कॉर्ड नकोच असतात. ते एका तारेवर गाणं म्हणतात. कोमल गंधार हवा असेल तर रॉड रिषभावरून तिथपर्यंत हळूच चढवतात, आणि सगळी गंमत त्या चढण्यात असते.

दोन वर्षांपूर्वी बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं. डावा हात कापतो.

या आजारातला कंप साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होतो. गाणारे आणि वाजवणारे सूर हलवतात, ज्याला व्हायब्रॅटो म्हणतात, तोही सेकंदाला पाच-सहा वेळाच होतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी मोबाईल उलटा करून ठेवला. बाबांचा सूर आता आपोआप हलतो आणि कानाला तो वाईट लागत नाही. पाहुणे तर म्हणतात, काय गोड वाजवता! फक्त तो कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हे बाबांच्या हातात राहिलेलं नाही. 'सरळ सा लागत नाही रे,' ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

औषधं डॉक्टर बघतात. माझ्या हातात होत्या तारा. मी एक्सेल उघडलं.

तारेची जाडी इंचाच्या हजारांश भागात मोजतात, 12 ची तार म्हणजे 0.012 इंच. ताण हा लांबीच्या, जाडीच्या आणि कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माझ्या लॅप स्टीलच्या तारा साडेबावीस इंच, बाबांच्या साडेपंचवीस. 12 ची तार वरच्या सा ला, म्हणजे पांढरी तीनला लावली तर बाबांच्या गिटारवर साडेदहा किलोच्या आसपास ताण येतो, माझ्यावर जेमतेम सव्वाआठ. म्हणून मी तिथे 15 ची लावतो. तार ढिली असली की बारच्या वजनानं ती खाली दबते, सूर चढतो आणि खरखर येते. फार ताठ असली तर उजव्या हाताच्या नखीला जोर लागतो, आणि थकलेल्या हाताला तोच जड जातो. बाबांना दोन्ही अडचणी एकदम होत्या. कापणाऱ्या रॉडला खालून भक्कम आधार हवा, आणि छेडायला तार मऊ हवी.

शिवाय गिटार जुनी. बाजारात मिळणारा 12 ते 53 चा साधा सेट नेहमीच्या गिटार ट्यूनिंगला मिळून 74 किलोच्या आसपास ओढतो. ओपन ई मध्ये तीन तारा वर चढवाव्या लागतात आणि तो ताण 83 किलोपर्यंत जातो. एक सूर चढवला की त्या तारेवरचा ताण सव्वापट होतो. बाबांच्या गिटारचा ब्रिज मागच्या कडेनं उचलला गेलाय तो उगाच नाही.

उपाय कागदावर सोपा होता. सगळं दोन पट्ट्या खाली आणायचं, पांढरी दोनवर. सा प सा ग प सा हे नातं तेच राहतं, म्हणून वहीतला एकही आकडा बदलत नाही. ताण 66 किलोवर येतो. वरच्या दोन तारा मात्र फारच सैल होतात, त्या जरा जाड घ्यायच्या: 12 ऐवजी 13, 16 ऐवजी 17. मग पहिल्या तारेवर दहा किलोला थोडा कमी ताण, म्हणजे पूर्वीपेक्षा किंचित मऊ, पण रॉड पेलण्याइतकी ताठ. एकूण 68 किलो.

बाबांना आकडे पटले, पांढरी दोन पटेना. 'चाळीस वर्षं तीनमध्ये वाजवलं. आता सगळं उतरवायचं का?' हा प्रश्न तारांबद्दल नव्हता हे मला कळत होतं. पट्टी उतरवणं म्हणजे आजाराला जागा करून देणं, असं त्यांना वाटत असणार. मी जास्त बोललो नाही. दोन्ही सेट आणून टेबलावर ठेवले आणि पुण्याला परत आलो.

पंधरा दिवसांनी आईचा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ आला. 13 ची तार चढली होती. सा अजून कापत होता, पण रॉड खाली दबून होणारी खरखर गेली होती. आणि मागे आई गात होती. लग्नानंतर ती बाबांच्या गिटारबरोबर गायची हे मी फक्त ऐकलेलं. वयानं तिचा आवाज खाली आलाय, पांढरी तीनमध्ये वरचे सूर पोचत नाहीत म्हणून तिनं कधीचंच सोडून दिलं होतं. माझ्या एक्सेलमध्ये या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

आजार पुढे जाणारा आहे. आणखी काही वर्षांनी कदाचित पांढरी एकवर यावं लागेल, तारा पुन्हा बदलाव्या लागतील, कदाचित रॉड जास्त वजनाचा लागेल. सूत्र तेच राहील, आकडे बदलतील. सध्या मी वहीची पानं स्कॅन करतोय. आणि माझ्या लॅप स्टीलवरचं सी सिक्स्थ महिनाभर बाजूला ठेवून सा प सा ग प सा लावलंय. पहिल्या पानावरचं गाणं येतं आता. रिषभावरून कोमल गंधारापर्यंत जाताना बाबा नेमका किती वेळ घेतात, ते वहीत लिहिलेलं नाही. त्यासाठी दर शनिवारी सोलापूरची गाडी पकडतो.