शालजोडी

गोड शब्दांत टोला हाणला की आपण म्हणतो, 'शालजोडीतले दिले'. पण शाल जोडीनेच का? उत्तराचा धागा 'आईन-ए-अकबरी'त सापडतो. अबुल फजल सांगतो, काश्मीरची शाल पूर्वी लोक चार घड्या घालून वापरत, पुढे नुसती खांद्यावर टाकू लागले आणि अकबराने ती दुहेरी घ्यायला सुरुवात केली. दोन शाली पाठीला पाठ लावून घेतल्या की विणीची उलटी बाजू दिसत नाही. तोच दुशाला, तीच आपली शालजोडी.

तिचा रुबाब एवढा, की 1846 च्या अमृतसर करारात इंग्रजांनी गुलाबसिंगांना काश्मीर 75 लाखांना दिलं आणि वर दरसाल एक घोडा, 12 बकऱ्या व 3 शालजोड्या मागितल्या. विणणाऱ्याचा या हिशेबात पत्ताच नव्हता. त्याच्या मानेवर शालीचा कर होता. 29 एप्रिल 1865 रोजी श्रीनगरच्या झालडगरमध्ये विणकर त्या कराविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा सैन्याने त्यांना रेटलं. 28 जण दगावल्याचं सांगितलं जातं. शाल पांघरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

आमच्या घरात शाली भरपूर. अब्बा शिक्षक होते, त्यामुळे निरोप समारंभ, सत्कार, व्याख्यानं. प्रत्येक ठिकाणी शाल-श्रीफळ. नारळ संपले, शाली राहिल्या. सगळ्या अ‍ॅक्रिलिकच्या. अंगावर घेतल्या की चटचट आवाज करतात आणि थंडी अडवत नाहीत. त्यांतली एक इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली आहे.

खरी शाल एकच, अम्मीची. दर हिवाळ्यात गाठोडं घेऊन येणाऱ्या काश्मिरी चाचांकडून तिने ती दोन हिवाळ्यांच्या हप्त्यांत घेतली. कागद नाही, सही नाही. चाचांच्या वहीत आमच्या गल्लीचं पान होतं, तेवढंच.

ती लोकर लडाखच्या चांगथांगमधल्या बकऱ्यांची. थंडी सरताना अंगावरची मऊ लव विंचरून काढतात. तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाचा केस त्याच्या चार-पाच पट जाड. काश्मीरच्या बायका तो घरी चरख्यावर कातत आल्या आहेत. हे सूत इतकं नाजूक, की यंत्रमागाचा ताण त्याला सोसत नाही. म्हणून कारखान्यात लोकरीत नायलॉन मिसळून सूत काढतात आणि नंतर आम्लाने तो नायलॉन विरघळवतात. कापड स्वस्त पडतं, पण त्यातला जीव जातो. कानी शाल तर आणखी अवघड. लाकडी काड्यांवर रंगीत धागे गुंडाळलेले, नक्षी 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेली, ती वाचत वाचत विणायचं. एका शालीला महिने जातात, कधी वर्षंही. पश्मिना, कानी आणि सोझनी भरतकामाला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाल अंगठीतून काढून दाखवणाऱ्यावर मात्र भाळू नका. पातळ रेशमी कापडही अंगठीतून निघतं.

आता घ्यायची कशी? शेरवानीवर किंवा कुर्त्यावर लांबीत घडी घालून डाव्या खांद्यावरून सोडावी, काठ पुढे दिसू द्यावा. बायकांनी डोक्यावरून घेऊन एक पदर उलट्या खांद्यावर टाकावा. वारा लागत नाही आणि हात मोकळे राहतात. पिन टोचू नये, अत्तर थेट लावू नये. नमाजेत दोन्ही टोकं तशीच लोंबती सोडणं हनफी फिकहमध्ये मकरूह मानलं आहे, त्याला 'सदल' म्हणतात. म्हणून अब्बा नियत बांधण्याआधी एक टोक मागे टाकायचे. लहानपणी मला ती त्यांची ऐट वाटायची!

चाचा म्हणतात, त्यांची आई कातायची, बायको कातते, मुलगी नाही म्हणते. दिवसभर डोळे फोडून हातात येणारे पैसे पाहिले, तर त्या मुलीला काय बोलणार?

आणि विकायला निघावं, तर गावोगावी आधी ओळखपत्र. 2019 मध्ये पुलवामानंतर कितीतरी काश्मिरी फेरीवाल्यांनी मार खाल्ला. आमच्याकडे तसं काही झालं नाही, पण गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या गेटवर चाचांना अडवलं. वीस वर्षं येणारा माणूस आधार कार्ड हातात धरून उभा. वॉचमन बिचारा म्हणाला, वरून सांगितलंय. अम्मीने फोनवर वाद घातला नाही. शाल डोक्यावरून घेतली, गुडघा धरत तीन जिने उतरली आणि गेटवरच्या वहीत 'कोणाकडे आले' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात नातं विचारलं होतं. तिथे लिहिलं, भाऊ.

वर आल्यावर चाचांनी चहाआधी शाल उजेडात धरली. कडेला कसरीने दोन भोकं पाडली होती.

"आपा, नीम के पत्ते नहीं रखे?"

अम्मी म्हणाली, रखे थे, सूख गए. चाचांनी शाल घडी करून गाठोड्यात ठेवली. रफू श्रीनगरला होणार, शाल पुढच्या हिवाळ्यात येणार. तोवर अम्मी अब्बांच्या सत्काराची एक शाल पांघरते आणि चटचट आवाजाला नावं ठेवते.